खंडेनवमीला उचललेलं हत्यार

आबा, दादानं परवा भाचीच्या लग्नात, भर पंगतीत तुमचं नाव काढून मला सुनावलं. माझा मुलगा कुबड्या भिंतीला टेकवून खुर्चीवर जेवायला बसला होता. त्याच्याकडं बघत दादा मोठ्यानं म्हणाला, "आबा सांगायचे, पुजलेलं हत्यार उचललं की ते घास घेतं. हिनं स्वतःच्या हातानं पोराला उचलून दिलं. गेला ना गुडघा?" सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी म्हणाले, "जिलबी खा दादा, गार होतेय." लग्नघर होतं म्हणून तेवढ्यावर थांबले. शिवाय दादाशी भांडून काय उपयोग, तो तुमचंच बोलणं बोलतो. म्हणून आता दुबईत परत आल्यावर, अल कुसैसच्या घरात शिलाईचं काम बाजूला सारून, मूळ मालकाशीच बोलायला बसलेय. अक्षराला नावं ठेवू नका. तिसरीतून काढून भात्यावर बसवलंत तुम्ही, अक्षर कुठून येणार.

तुम्ही गेलात तेव्हा आम्ही गावातच होतो. नंतर ह्यांना इथं बर्फाच्या मैदानावर नोकरी लागली. हसू नका, खरंच असतं. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं असतं आणि आत मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर बर्फ जमवलेला, त्यावर माणसं स्वेटर घालून घसरतात. तो बर्फ जमवायच्या मशीनवर हे मेकॅनिक. मुलगा शाळेतून सुटला की बापाकडं जायचा, तिथं त्याला फुकट आत सोडायचे. तिथंच तो बर्फावरची हॉकी शिकला. पायात बूट, बुटाच्या तळाला सुरीसारखं उभं पातं, हातात काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चकती. त्या पात्याला धार लावतात, आबा. पहिल्यांदा ते हातात घेतलं तेव्हा अंगठा आडवा फिरवून बघितला, तुम्ही विळ्यावर फिरवायचात तसा, आणि म्हटलं, हा खेळ आपल्यातला आहे.

बिल्डिंगमधल्या बायका ब्लाऊज शिवायला टाकताना शहाणपण द्यायच्या. "अहो, वाळवंटात बर्फाचा खेळ? त्यापेक्षा त्याला कॉम्प्युटरला घाला." मी म्हणायचे, तुमचा घाला, माझा घसरू दे. त्याचे हातमोजे तळव्याला फाटायचे, मी सोफ्याच्या कातडीचे तुकडे लावून शिवायचे. खांद्याचं पॅड, गुडघ्याचं पॅड, सगळं आमच्याच मशीनवर. त्याला शिकवणारा कॅनडाचा माणूस दिवसा कुठल्याशा कंपनीत इंजिनियर होता. तो मुलाला सांगायचा की तुझ्या पायात काहीतरी आहे. काय आहे ते मला कळायचं नाही, पण तो खोटं बोलणारा वाटायचा नाही.

आता खंडेनवमीचं. तुम्हाला ते वासरू आठवतं? तुम्ही घण, ऐरण, सांडशी, भाता, सगळ्याची पूजा मांडली होती, गिऱ्हाइकांचे विळेसुद्धा ओळीनं ठेवले होते. तुम्ही देवळात गेला होता. परड्यात वासराच्या गळ्यात दावं गुंडाळलं गेलं, ते खाली पडून पाय झाडायला लागलं, डोळे बाहेर आले. मी पाटावरचा विळा उचलला आणि दावं कापलं. तुम्ही आलात आणि माझ्या थोबाडीत दिलीत. म्हणालात, "वासरू मेलं असतं तरी चाललं असतं. आज हत्यार देव आहे, देवाला कामाला लावत नाहीत." गाल संध्याकाळपर्यंत हुळहुळत होता. ती कालवड पुढं गाय झाली, तिचं दूध तुम्ही चहात घालून प्यालात. तेव्हा नाही आठवलं काही.

तरी पूजा मी सोडली नाही. इथंही दरवर्षी मांडायचे. त्या वर्षी शुक्रवार होता, सुट्टी. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून झेंडू आणला. पाटावर माझी कात्री, ह्यांचे पाने, मुलाची काठी आणि ते बूट. हे म्हणाले, "अगं, चामडं देवापुढं?" मी विचारलं, "आबांचा भाता कशाचा होता?" पात्यांना हळदकुंकू लावलं, बुटात एकेक फूल ठेवलं, अक्षता टाकल्या. पुऱ्या तळायला घेतल्या आणि फोन वाजला.

कॅनडाचा एक निवड करणारा माणूस मुलांची चाचणी घेणार होता, दसऱ्याला. म्हणून मी निर्धास्त होते. फोनवर कळलं की त्याचं विमान एक दिवस आधीचं झालंय. मुलगा फोन ठेवून म्हणतो, "आई, ट्रायल आजच आहे. फाइव्ह ओक्लॉक. देन ही इज गॉन."

तो पाटाकडं बघतो, मग माझ्याकडं. त्याला नियम ठाऊक होता, मीच लहानपणापासून सांगितला होता. हे म्हणाले, "तिथले भाड्याचे बूट मिळतील की. मी सांगतो काउंटरवर." मुलगा म्हणाला, "बाबा, आय कान्ट. त्यात माझा पाय हलतो." मग हे हळूच म्हणाले, "जाऊ दे. असेल नशिबात तर पुढच्या वर्षी येईल तो माणूस."

आबा, हे पुढच्या वर्षीचं बोलणं मला चांगलं माहीत आहे. पुढच्या वर्षी परत शाळेत घालतो, असं तुम्हीही आईला म्हणाला होता.

मी गॅस बंद केला, हात पुसले आणि बूट उचलले. नमस्कार केला नाही, माफी मागितली नाही. मुलाच्या हातात दिले आणि म्हटलं, "यल्ला, चल, टॅक्सी बघ." हे म्हणाले, "तुझे वडील काय म्हणाले असते?" मी म्हटलं, "थोबाडीत दिली असती. देऊ देत."

त्याला शिकवणाऱ्या कोचनं पात्यावरचं कुंकू बघून विचारलं, "ब्लड?" मुलगा म्हणाला, "नो, माय मदर." मी काचेमागं साडीवर ह्यांचं जाकीट घालून उभी होते. मुलं काचेवर धडाधडा आदळत होती. माझा मुलगा दोनदा पडला, तिसऱ्यांदा समोरच्याला पाडून चकती घेऊन सुटला, आणि तसा वेग मी आमच्या घरातल्या कुठल्याच माणसाच्या पायात बघितला नव्हता. निवड करणाऱ्या माणसानं कागदावर काहीतरी लिहिलं. बूट काढले तेव्हा मोज्याला झेंडूचा चेंदामेंदा चिकटला होता.

तो कॅनडाला गेला. तिथं शिकला, खेळला आणि मग अमेरिकेतल्या एका लहान गावाच्या संघानं त्याला पगारावर घेतलं. पगारावर, आबा. बर्फावर पळायचे पैसे मिळत होते आपल्या लोहाराच्या पोराला. रात्र रात्र बसनं प्रवास, पुढचा दात पडला, त्या पडलेल्या दाताचा फोटो त्यानं हौसेनं पाठवला. तिकडचे लोक त्याचं आडनाव धड म्हणू शकत नव्हते, पण ओरडायचे तेच. तीन हिवाळे असे गेले. चौथ्यात कुणीतरी आडवा घुसला आणि गुडघा मोडला. डॉक्टर म्हणाले, चालेल, खेळणार नाही.

आता तो इथं परत आलाय. कुबड्या सुटल्या की लहान मुलांना शिकवणार म्हणतो. दादाचं बोलणं त्यानंही ऐकलं होतं. विमानात मला म्हणाला, "आई, एव्हरीबडीज नी गोज. मामाला सांग, इट्स हॉकी."

तर ऐका. मी चुकले नाही. वासराच्या वेळी चुकले नव्हते आणि मुलाच्या वेळीही नाही. बूट पाटावरच राहू दिले असते तर गुडघा वाचला असता, पण मग ते तीन हिवाळेही त्याच पाटावर राहिले असते. ज्या दिवशी गळ्यात दावं आवळतं त्याच दिवशी हत्याराला सुट्टी, हे मला तेव्हा पटलं नाही, आताही पटत नाही. आणि परत तसा फोन आला तर परत उचलीन, तुम्ही समोर उभे असलात तरी.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. दादाच्या हाती तर मुळीच पडायला नको, कारण एक गोष्ट त्याला कळली तर तो गावभर करील. अमेरिकेतून गुडघ्याचा फोन आला तेव्हा माघ चालू होता, दसरा कुठल्या कुठं राहिला होता. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी फोन कानाला असताना, पोराला दुखतंय का हे विचारायच्या आधी, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.