डाव्या पंखाची शिवण

तीर्थस्वरूप ताईस,

लांबूनच वाकून नमस्कार. (जवळून केला असता तर पाठीत धपाटा बसला असता, कारण तीन आठवडे पत्र नाही.) गुडघे कसे आहेत? हाताची थरथर विचारत नाही. विचारलं की तू पत्र फाडतेस. शिलाई मशीनवर चादर टाकलीस ती अजून तशीच आहे, असं भाची सांगत होती. ते ऐकून जेवण गोड लागलं नाही. दातांच्या डॉक्टरांच्या विमानाचे कापडी पंख आपण दोघांनी शिवले, त्यातल्या डाव्या पंखाचे तुझे टाके उसवून मी पुन्हा घातले, हे तुला कळवलंच होतं.

काल विमानांचा उन्हाळी मेळा सुरू झाला. दातांच्या डॉक्टरांचं विमान पहिल्याच दिवशी उडणार, म्हणून मी दुकानाला कुलूप लावून सकाळी सातलाच हजर. मैदानावर शेकडो विमानं आणि सगळे लोक माना वर करून. मी एकटाच कापडी पंखांखाली वाकत हिंडत होतो. (मला शिवणीशिवाय जगात काही दिसत नाही, असं तुझी भावजय म्हणते. खोटं नाही.)

तिथेच घोटाळा झाला. एका पिवळ्या विमानाच्या पंखावर टिचकी मारली तर कापड सैल. पुढे मारली, तिथेही सैल. खिशातून खडू कधी निघाला कळलं नाही, आणि दुकानात चुकलेल्या शिवणीवर मारतो तशा तीन फुल्या मारून मी मोकळा झालो. मालक मागेच उभा होता, अंगाने माझ्या दुप्पट, आवाजाने चौपट. तो मला दंडाला धरून बाहेर काढत होता, तेवढ्यात तपासणीच्या बाई आल्या. त्यांनीही टिचक्या मारल्या आणि हे विमान आज उडणार नाही, असं शांतपणे सांगितलं. मग माझाच खडू हातात घेऊन मला म्हणाल्या, "आता तुम्ही शिवलेलं दाखवा."

ताई, मी त्यांना डॉक्टरांच्या विमानापाशी घेऊन गेलो. बाईंनी एकेक टाका चाचपला. उजव्या पंखावर दोन फुल्या. (उडायला हरकत नाही, पण शिवण ओढली गेली आहे म्हणे. डॉक्टरांनी माझ्याकडे किडक्या दाताकडे बघावं तसं बघितलं.) डाव्या पंखावर एकही नाही.

दुपारी विमान उडालं. मी चक्क रडलो, आणि शेजारच्याला ऊन लागतंय म्हणून सांगितलं. डॉक्टर मलाही वर नेणार होते, पण दुकान उघडायचं होतं, म्हणून नको म्हटलं. बाकी घरी सगळे बरे आहेत.

तुझा धाकटा

ता. क. दुकान दिवसभर बंदच होतं. विमानातली ती जागा मी रविवार सकाळसाठी तुझ्या नावावर ठेवून आलो आहे.

आणखी एक. मी तुझ्याशी खोटं बोललो. त्या पंखाला सुई लावायला मन झालं नाही. एकही टाका उसवलेला नाही, ताई. डावा पंख सगळा तुझा आहे. तेव्हा रविवारी येताना बोटात घालायचं तुझं अंगुस्तान घेऊन ये. उजवा पंख नीट करायचा आहे, आणि ते माझ्याच्याने होणार नाही.