भुईआवळ्याचा पेला

आत्याबाई,

तुमच्या सुनेचं, मथुरेचं, पाया पडणं.

इथल्या कारखान्यात लोखंडाची नवी भट्टी उभारून राहिले, तिथून मागच्या आठवड्यात सोबत काम करणाऱ्या पांडेजीनं तुमच्या लेकाले सायकलीवर घरी आणलं. दारातूनच म्हणे, "भाभी, भैया को पीलिया हो गया." इकडची हिंदी मले अजून धड कळत नाई. मी ऐकलं, "पी लिया." म्हटलं, झालं, दारू ढोसून आले! लई बोलली मी, जेवायलेही वाढलं नाई. हे बिचारे उपाशीच झोपले. सकाळच्या उजेडात डोळे पाह्यले त पिवळेजर्द. तवा समजलं, इकडं काविळीले पीलिया म्हणतात.

दवाखान्यात दाखवलं. डाक्टरनं आराम सांगितला. शेजारची गयाबाई उसाचा रस आणून देते. मी भाजीत हळद बंद केली, पिवळ्यात अजून पिवळं कायले? तुमी करत होत्या तसा इथं जवळच्या कुरुद गावच्या बांधावरचा भुईआवळा वाटून ताकात देते.

हे पत्र आत्ताच टाकत नाई. तुमी घाबरून पहिल्याच गाडीत बसान. ह्यायचे डोळे पांढरे झाले का टाकीन.

भुईआवळा लई कडू. पण हे रोज पेला रिकामा करतेत, माह्यापुढं उपडा धरतेत आन हासून म्हणतेत, "पी लिया!"

तुमची,
मथुरा