चार मिनिटे दहा सेकंदांबाबत

प्रति,
मा. सचिव,
खेळाडू पात्रता समिती,
पुणे विभागीय कुमार फुटबॉल मंडळ,
मार्केट यार्डामागे, बिबवेवाडी, पुणे ३७.

विषय : माझा भाऊ समाधान दशरथ ओव्हाळ यास सतरा वर्षांखालील निवड चाचणीस बसू देणेबाबत.

संदर्भ : १) माझे प्रतिज्ञापत्र, दि. ६ डिसेंबर २००८. २) आपले अपात्रतेचे पत्र, दि. २२ डिसेंबर २००८.

महोदय,

मी उत्कर्षा दशरथ ओव्हाळ, वय २३, संख्याशास्त्राची पदवीधर, राहणार खडकी. एका संगणक कंपनीत आज्ञावलीतील चुका शोधण्याचे काम करते. संदर्भ क्र. २ च्या पत्राने माझ्या भावास अपात्र ठरवण्यात आले आहे. ती चूक कोठे झाली हे मी शोधले असून ती खाली क्रमाने मांडत आहे. चाचणीची यादी शनिवारी, दि. १० रोजी बंद होते. फेब्रुवारीत समाधान सतरा वर्षांचा होईल. त्यानंतर या गटात त्याला पुन्हा संधी नाही.

१. ऑगस्ट २००५ मध्ये आखातातील एका देशाच्या (नाव सोबतच्या कागदांत आहे, यापुढे 'तो देश') फुटबॉल अकादमीने पुण्यात चाचणी घेतली. चारशे बारा मुलांतून तीन निवडले, त्यांत समाधान होता. त्याचे वय तेव्हा साडेतेरा होते. राहणे, शाळा, बूट सर्व अकादमीकडे. माझे वडील कारखान्यात कामगार आहेत. त्यांनी दोन दिवसांची रजा टाकून अकादमीचा अर्ज स्वतः भरला, रेघेच्या बाहेर एक अक्षर जाऊ दिले नाही.

२. त्या अर्जात नावासाठी तीन चौकटी होत्या : स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे. आपल्याकडे तिसऱ्या जागी आडनाव येते, त्यांच्याकडे आजोबा. आडनावाला चौकटच नव्हती. वडिलांनी विचारले तेच लिहिले. त्यामुळे पासपोर्टवर समाधान दशरथ ओव्हाळ असलेला मुलगा अकादमीच्या नोंदीत समाधान दशरथ कचरू झाला. आजोबांच्या आधीची तीन भावंडे लहानपणीच गेली होती. हे तरी राहावे, कोणी मागू नये, म्हणून त्यांचे नाव कचरू ठेवले होते. ते एकोणऐंशी वर्षे जगले, शेवटपर्यंत आमच्याच घरी.

३. दि. २२ मार्च २००८ रोजी त्या देशाच्या सतरा वर्षांखालील संघाचा शेजारच्या देशाशी सामना झाला. डावीकडचा खेळाडू लंगडू लागल्याने शेवटी समाधानला उतरवले. सामन्याच्या सीडीवरून मी वेळ तीनदा मोजली. तो मैदानात चार मिनिटे दहा सेकंद होता. चेंडूला त्याचा स्पर्श तीन वेळा झाला : एकदा हाताने आत फेकला, एकदा मागे दिला, एकदा बाहेर गेला. त्याच्याकडे त्या देशाचे नागरिकत्व कधीच नव्हते. व्हिसावर 'विद्यार्थी' असा शिक्का आहे. मग तो त्यांच्याकडून खेळला कसा, हे मी त्या देशाच्या फुटबॉल संघटनेस ईमेलने विचारले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आलेले नाही.

४. जुलै २००८ मध्ये अकादमीने परदेशी मुलांचा वर्ग बंद केला व अकरा मुलांना एकाच विमानाने परत पाठवले. कारण कळवलेले नाही. समाधान सकाळी घरी आला, जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवसापासून रोज साडेपाचला उठून तो एकटा पळतो. याखेरीज त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

५. आपल्या अर्जात 'मागील तीन वर्षे कोठे खेळला' असा रकाना आहे. अकादमीचा दाखला कचरू या नावाने होता. म्हणून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र मी करून दिले. ते कोणी मागितले नव्हते. नावांत फरक दिसला तर पुढे अडचण येईल, असा माझा अंदाज होता. त्या दाखल्याच्या तळाशी 'राष्ट्रीय संघ : सामने १' अशी ओळ आहे. दाखला कचरूचा, अर्ज ओव्हाळचा, आणि दोघांना जोडणारा कागद फक्त माझा. तो नसता, तर आपला नियम ९ (अन्य देशाच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला खेळाडू अपात्र) माझ्या भावाला लागू झाला नसता. मी आरंभी म्हटलेली चूक ही आहे.

६. याबाबत मी आपल्या कार्यालयात सात वेळा आले. लिपिक श्री. संपत काळभोर यांनी प्रत्येक वेळी बसायला खुर्ची दिली, याची नोंद व्हावी. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देते : "अहो ताई, एवढं खरं लिवायला तुम्हाला सांगितलं कुणी? पोरगं इथलं हाय हे मलाबी दिसतंय. मला दिसून काय उपेग, कागदाला दिसाया पाहिजे." मी विचारले, चार मिनिटांनी देश बदलतो का? ते म्हणाले, "नियमात मिनिटं न्हाईत. सामना हाय." मी नियम पुन्हा वाचला. त्यांचे बरोबर आहे.

७. घरी हे सांगितल्यावर आई, सौ. शालन, एवढेच म्हणाली, "चार मिनिटांत आपल्याकडे चहासुद्धा होत नाही." (आमच्या शेगडीवर साडेसहा लागतात.) समाधानने प्रतिज्ञापत्र मागून घेतले, पूर्ण वाचले आणि विचारले, "ताई, सामन्याआधी त्यांचं राष्ट्रगीत झालं तेव्हा मी बाकासमोर उभा राहून ओठ हलवले होते. ते यात नाही लिहिलंस?" ते मला माहीत नव्हते. आता लिहीत आहे. शब्द येत नव्हते, शेजारचा हलवत होता म्हणून हलवले, असे त्याचे म्हणणे आहे. सीडीत ते दिसत नाही.

८. समाधान ओव्हाळ आपल्या नोंदीत आहे का, या माझ्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र त्या देशाच्या संघटनेने उत्तर दिले. आशय असा : ओव्हाळ नावाचा खेळाडू आमच्या नोंदीत नाही. कचरू नावाचा आहे, तो जुलैपासून सरावास गैरहजर आहे, ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावे. अकादमी व संघटना यांची कार्यालये वेगळी असल्याने एकीने पाठवले ते दुसरीला कळले नसावे. आपल्याकडेही असे होते.

९. श्री. काळभोर यांनी एक मार्ग सुचवला. त्यांनी तो सद्हेतूने सुचवला. त्यांच्यावर कारवाई होऊ नये. जुने प्रतिज्ञापत्र गैरसमजातून झाले असे लिहायचे, आणि समाधान कचरू हा कोणी दुसरा मुलगा आहे असे नवे द्यायचे. मी शंभर रुपयांचा स्टँप पेपर आणला. शिवाजीनगरच्या टंकलेखकाने मजकूर केला : 'कचरू नावाच्या कोणत्याही व्यक्तीशी आमच्या कुटुंबाचा संबंध नाही व कधी नव्हता.' त्याचे म्हणणे, असा मजकूर पक्का असावा लागतो. मी सहीला बसले तेव्हा वडील शेजारी होते. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावून वाचला, घडी करून मला परत दिला. "बापाचं नाव आहे माझ्या," म्हणाले. "पण तू सही कर. पोराची वेळ जाते." नंतर ते ड्यूटीवर गेले.

१०. मी सही केलेली नाही. पेन हातात होते. मजकूर खोटा आहे हे एक कारण. दुसरे कारण माझ्या विषयात बसत नाही, म्हणून लिहीत नाही.

११. तरी विनंती की, समितीने शनिवारपूर्वी पुढीलपैकी एक मान्य करावे. दोन्ही नावे एका मुलाची असतील, तर तो मुलगा भारतीय पासपोर्टवर गेला, त्याच पासपोर्टवर परत आला व खडकीत राहतो, एवढ्यावर त्याला चाचणीस बसू द्यावे. संघात घ्यावे, असे मागणे नाही. दोन वेगळे मुलगे आहेत असे समितीस सोयीचे वाटत असेल, तर माझे दि. ६ डिसेंबरचे प्रतिज्ञापत्र खोटे धरावे. ते खरे आहे. परंतु समितीने खोटे धरल्यास मी हरकत घेणार नाही, आणि त्याबद्दल कायद्याने जी कारवाई होते ती माझ्यावर व्हावी. त्या स्थितीत ओव्हाळ याचे नाव यादीत घालावे. कचरू याचा शोध लागल्यास आम्हालाही कळवावे. विमानातून तो उतरल्याचे कोणी पाहिलेले नाही, आणि आई अजून चार ताटांच्या जागी पाच घेते.

शनिवारी कार्यालय उघडण्याच्या वेळी मी दारात असेन.

आपली,
(सही)
उत्कर्षा दशरथ ओव्हाळ
खडकी, पुणे
दि. ७ जानेवारी २००९

सोबत :
१) पासपोर्टची छायाप्रत, सर्व पाने.
२) अकादमीचा दाखला.
३) सामन्याची सीडी (८६व्या मिनिटापासून पाहावी).
४) त्या देशाच्या संघटनेचा ईमेल, छापील.
५) स्टँप पेपर, टंकलिखित, सही नाही.