व्याज कोठून येतं

अप्पा, मी माझ्या मुलीच्या हातात पैसे देते. दर रविवारी, तिचे तिला. आठ वर्षांच्या पोरीने त्यांचं काय करावं हे मी सांगतही नाही. तुम्ही असता तर तोंडातलं पान चघळायचं थांबवून माझ्याकडे नुसतं बघितलं असतंत. खुशाल बघा. त्या बघण्याची मला आता भीती वाटत नाही. मागच्या महिन्यात तिने देवळाबाहेर प्लास्टिकचं घड्याळ घेतलं, ते दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. ती रडली, पण मी दुसरं घेऊन दिलं नाही. आत्याला हे फार लागलं. पोरीची जीभ बाजारी झाली, असं तुमची ही बहीण येईल त्याला सांगते, कारण पोरगी आता ऑटोत पाय ठेवण्याआधी भाडं ठरवते. होऊ दे बाजारी. निदान बंद घड्याळ कसं दिसतं हे तिला कळलं.

आपल्या घरात मुलांसमोर पैशाचं नाव काढत नसत. कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान मी आणायची, पैसे महिनाअखेर तुम्ही द्यायचात. सुटे परत मोजून घ्यायचे असतात हे मला कितीतरी उशिरा समजलं. राजवाड्यामागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या, कचेरीत कारकुनी, आणि तरी तुम्ही कधी भाव केला नाहीत, कारण आपण राजवाड्याची माणसं. या तमिळ मुलखातले मराठी राजे जाऊन किती पिढ्या झाल्या, पण भाजीवालीसमोर तुमची मान तशीच ताठ.

ती नवरात्रातली संध्याकाळ मला अजून लख्ख दिसते. कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या आहेत. सगळ्यात खाली चेट्टियार वाण्याची आणि त्याच्या बायकोची बाहुली बसली आहे, पुढे वाट्यांत तांदूळ नि डाळी, म्हणजे त्यांचं दुकान. मी अकरा वर्षांची, त्या दुकानाला लागूनच माझं दुकान थाटून शेजारच्या मुलींना नैवेद्याचं सुंडल विकते आहे. हरभरे गरम आहेत, वर खोबरं आहे, गिऱ्हाईक खूश आहे. आई पदराआड हसते. तेवढ्यात तुम्ही येता, माझ्या मुठीतली नाणी काढून एकेकीला परत देता आणि सगळ्यांदेखत मला त्यांची माफी मागायला लावता. मी मागितली. आज मागणार नाही.

त्याच नवरात्रात कुंभकोणमकडचा तो गृहस्थ आला. तेव्हा रस्तोरस्ती फायनान्स कंपन्या निघत होत्या आणि बँक देईल त्याच्या दुपटीने व्याज कबूल करत होत्या. तमिळ बोलणाऱ्या एजंटांना तुम्ही दारातूनच वाटेला लावलं होतंत. हा मात्र आपली मराठी बोलला. घराणं विचारलं, तुमच्या आजोळची ओळख काढली, कॉफी घेतली. आपली भाषा बोलणारी माणसं गावात उरली होती किती? त्यांतला एक आपल्याला बुडवेल, हे तुमच्या मनाला शिवलंच नाही. आईच्या बांगड्या मोडून माझ्या कॉलेजसाठी पोस्टात ठेवलेले सगळे पैसे तुम्ही त्याला द्यायचं कबूल केलंत. मी दाराशी उभी होते. मी विचारलं, "मामा, इतकं व्याज कोठून येतं?"

तो हसला. तुम्ही हसला नाहीत. "मोठी बोलत असतां पोरींनी पैशाचं विचारू नये. आत जा." मी आत गेले. 

व्याज काही वर्षं वेळेवर आलं. मी प्लस टूला, म्हणजे बारावीला असताना कंपनीचं शटर उतरलं ते उतरलंच. लोक तक्रार नोंदवायला रांगेत उभे राहिले, आणि जे राहिले त्यांना पुढे का होईना, थोडंफार परत मिळालं. आईने तुमच्या विनवण्या केल्या. तुम्ही म्हणालात, "रांगेत उभं राहून हात पसरायास आपण कोण?" आणि पूजेला बसलात. मला त्या पूजेचा राग आहे. आपलेच पैसे मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे. तुम्ही तुमचा मान सांभाळलात आणि किंमत मी दिली.

मी टायपिंग शिकले. बसने कालव्याकाठच्या भातगिरणीत जाऊन हिशेब लिहू लागले, आज तो सगळा कारभार मी बघते. परवा लेकीचं खातं उघडायला बँकेत गेले. तिने साहेबांना विचारलं, माझ्या पैशांवर तुम्ही व्याज देणार ते आणणार कुठून? ते हसून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, सांगा तिला, आम्हाला घाई नाही. कर्ज कोण घेतं, ते काय भरतं, यातलं बँकेला काय उरतं, सगळं त्यांना सांगावं लागलं. मागे रांग खोळंबली होती. खोळंबू दिली.

हे लिहिलेलं मी कोणाला दाखवणार नाही. ही मराठी अक्षरं तुम्ही मला शिकवलीत, लेकीला ती वाचता येत नाहीत, तेवढं बरंच आहे. कारण बँकेतून परतताना तिने विचारलं, "अम्मा, तू कॉलेजला का गेली नाहीस?" जिला मी सगळं विचारायला शिकवलं तिला खरं सांगायला काय हरकत होती? पण मार्क कमी पडले, असं सांगून मोकळी झाले. ज्या मार्कांचा कागद कौतुकाने दाखवत तुम्ही गल्लीतल्या प्रत्येक दारात थांबला होतात, ते मार्क.