फौजदार, गोणी आणि वाटणी

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हं-हं करून सुटतोस, म्हणून हे पत्र.

तुझे दोन्ही पाहुणे काल सकाळी सुखरूप पोचले. पिंजरा उतरवताना टेम्पोवाल्याने विचारलं, हे ससे की उंदीर? मी म्हटलं, चिंचिला. त्यावर त्याने विचारलं की चिंचेचाच काही प्रकार आहे का. मी हो म्हणून टाकलं.

यांना उकाडा सोसत नाही म्हणून त्यांच्यासोबत तू एसीही पाठवलास, बसवणारा माणूससुद्धा. इतके उन्हाळे आम्ही नवराबायको भाजून निघालो, तेव्हा तुला कधी पाझर फुटला नाही. असो. आता माझं शिलाई मशीन, तुझे भावोजी आणि मी, तिघंही पाहुण्यांच्या खोलीत मुक्कामाला आहोत. भावोजी कानटोपी घालून पेपर वाचतात. बँकेच्या कॅशमधून निवृत्त झालेला माणूस उंदराच्या जातीला हात लावणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आहे.

तुझ्या सूचनेप्रमाणे यांना धुळीने आंघोळ घातली. जन्मभर मी घरातली धूळ काढत आले. आता विकतची धूळ परातीत ओतून वाट बघते, की महाराज कधी लोळतात. लोळून झाल्यावर त्यांनी अंग झटकलं ते गिऱ्हाइकाच्या निळ्या गाऊनवर. गाऊन आता राखाडी आहे.

घराला रंग द्यायला काढलाय, म्हणून पाहुणे इकडे, असं म्हणालास. कुठला रंग, ते सांगितलं नाहीस. आणि आमची निवेदिका भावजय कशी आहे? तिच्या बातम्या रोज संध्याकाळी रेडिओवर ऐकते, तेव्हा ती खुशाल आहे हे मला माहीत आहे. घरी आहे का, ते विचारतेय.

माया आहेच, ती पत्रागणिक मागू नकोस.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रंग पांढरा. तुझं समाधान झालं असेल.

फौजदार म्हणजे तो मोठा, मिशा फेंदारून बसणारा. गोणी म्हणजे ती गोल, जी कुठेही ठेवली की तिथेच पडून राहते. दोघांना सुकं गवत सतत समोर लागतं. मनुका देऊ नकोस, त्यांनी कितीही केविलवाणं तोंड केलं तरी. कुरतडायला लाकूड दे, नाहीतर तुझ्या मशीनची वायर आहेच. यांचे दात मरेपर्यंत वाढतात. माझ्या पेशंटांचं असं झालं असतं, तर दवाखाना कधीच बंद करावा लागला असता. आणि घाबरवून पकडू नकोस. केसांचा पुंजका हातात येतो आणि जनावर पसार होतं. लग्न झालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

निवेदिका कामात आहे. निवडणुकीच्या बातम्या असतात.

भावोजींना नमस्कार. त्यांच्या कानटोपीलाही. लोभ असाच ठेव.
तुझा धाकटा

२३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा भर दुपारी वीज गेली. आम्हाला सवय आहे, आम्ही पंखे हातात घेतले. पण फौजदार फळीवर आडवा झाला. कान लालभडक, तोंडाने श्वास. मी नुसतीच त्याच्याभोवती फिरत राहिले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या की पाण्यात मुळीच बुडवू नका, गार जागी न्या आणि कानांना ओलं फडकं लावा.

तेव्हा उंदराच्या जातीला हात न लावणारे तुझे भावोजी उठले. फौजदाराला बनियनच्या पोटात धरून न्हाणीघरात नेलं, कोरड्या फरशीवर ठेवलं, फ्रीजमधल्या बर्फाच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून भोवती रचल्या आणि वीज येईपर्यंत तिथेच मांडी घालून बसले. गोणीलाही आणा, त्याला एकटं वाटेल, असं मला बजावलं. संध्याकाळी त्याने गवताची काडी उचलली, तेव्हा हे नाक शिंकरायला बाहेर गेले. म्हणाले, धूळ गेली. त्या दिवशी धुळीची परात बाहेर काढलीच नव्हती.

हे सगळं सांगायला तुझ्या घरी फोन केला. रंगारी उचलेल अशी आशा होती. कोणीच उचलला नाही. दोन बेडरूमच्या घराला पांढरा रंग द्यायला इतके दिवस लागत असतील, तर तू तो दात घासायच्या ब्रशने देत असशील.

काय झालंय ते सांग.
तुझी ताई

२६ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला हे माझ्याकडून कळावं असं नव्हतं. पण त्याने अजून सांगितलं नसेल, याची मला खात्री आहे. कटू बातमी सांगायची वेळ आली की तो पेशंटलासुद्धा तोंड उघडा म्हणतो आणि स्वतःचं मिटतो.

आम्ही वेगळे होतोय. मी जानेवारीतच दुसरं घर घेतलं. भांडण मोठं नव्हतं. मोठं असतं तर बरं झालं असतं. आम्ही एकमेकांशी इतकं टोमण्यांत बोलायला लागलो होतो की साधं वाक्य कुणाला आठवेना. सामानाची वाटणी झाली. जनावरांचं असं ठरलं, की गोणी माझी आणि फौजदार त्याचा. मी पुढच्या महिन्यात येऊन तिला नेते. तोवर तिला वेगळ्या खोलीत राहायची सवय लावाल का? मागणं जड आहे, कळतंय.

तुमचा राग आला तरी चालेल, पण मनातून काढू नका.
तुमची

५ एप्रिल

चि. दोघांस,
आशीर्वाद. एकच पत्र दोनदा लिहून दोघांना धाडते आहे. तुमची वाटणी झाली असली, तरी माझा राग अजून सामाईक आहे.

तुम्ही सांगितलंत तसं गोणीला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत हलवलं. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यात बसली. दुसऱ्या दिवशी गवताला तोंड लावलं नाही. इकडे फौजदार पिंजऱ्याचे गज चावत राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या जनावराने खाणं सोडलं की पोट बंद पडतं आणि मग हातात काही राहत नाही. भावोजी तिला मांडीवर घेऊन सुईशिवायच्या सिरिंजने गवताची पेज भरवत होते. ती अर्धी त्यांच्या शर्टावर. शेवटी त्यांनी मला न विचारता तिला उचलून फौजदाराच्या पिंजऱ्यात ठेवलं. तो तिच्या पाठीवर हनुवटी टेकून बसला. काही वेळाने ती उठली आणि खायला लागली.

तुम्ही दोघं शिकलेले, शहाणे, एक दात बघतो, एक जगाच्या बातम्या सांगते. सोफा करवतीने कापून घ्या, माझी हरकत नाही. हे दोघं वेगळे होणार नाहीत. दोघांना कोणाकडे ठेवायचं ते ठरवा, नाहीतर इथेच राहतील. भावोजींनी त्यांच्यासाठी लाकडी फळ्या ठोकायला घेतल्या आहेत. घराला फळी मागून मी थकले होते.

ताई

१४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं की खरं होतं. रंग कसला, भिंतीवरचे फोटो काढल्याचे चौकोन तेवढे राहिलेत.

दोघांनाही तिच्याकडे जाऊ दे. मी दिवसभर दवाखान्यात असतो आणि माझं घर भट्टी आहे. तिच्या घराला उत्तरेकडून वारा आहे, असं ऐकतो. फौजदाराला कानामागे डाव्या बाजूला खाजवलेलं आवडतं. तिला माहीत आहे, तरी सांग.

यावर काही विनोद सुचत नाही. लोभ ठेव.
तुझा धाकटा

२ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ती काल आली होती. भल्या सकाळी, गारव्यात. भावोजींनी पिंजरा स्वतः गाडीत ठेवला, फळ्यांसकट, आणि ड्रायव्हरला वळणं सावकाश घ्यायला तीनतीनदा सांगितलं. नंतर हे रिकाम्या खोलीत गेले आणि पेपर उलटा धरून बसले. माझंही शिवणं उलटंच झालं होतं.

तुझा डाव्या कानाचा निरोप दिला. तिने मान हलवली आणि बराच वेळ पिंजऱ्याच्या जाळीत बोट घालून उभी राहिली. मग म्हणाली, त्याला हवं तेव्हा येऊन बघू दे, आधी फोन केला की झालं. आवाज बातम्यांसारखा नव्हता. तुम्ही दोघं परत एकत्र याल असं काही तिच्या बोलण्यात नव्हतं, आणि मीही तसं काही काढलं नाही. उगाच आशा लावून बसू नकोस. पण जाऊन ये.

गाडीत बसताना तिने काच खाली केली आणि मला विचारलं, आता तुम्हाला काय म्हणायचं? मला आधी कळलंच नाही. मग कळलं, ती हाक काय मारायची ते विचारत होती, तेव्हा मला थोडा रागही आला.

मी म्हटलं, ताई म्हणतेस ना, ताईच म्हण.

तुझी, आणि तिचीही,
ताई