दादाकडे जाणारी माझी मुलगी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, काम लिफ्टदुरुस्ती (अजूनही), राहणार तिसरा मजला, जिथे लिफ्ट नाही, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. वकीलबाईंनी विचारले, रागात लिहिताय का? मी म्हणालो, रागात नाही, जळतोय. त्याला कायद्याची हरकत नाही म्हणाल्या.

१. माझी सगळी हत्यारे, म्हणजे पाने, पकडी, मीटर आणि कातडी पिशवी, माझ्या शिकाऊ मदतनिसाला द्यावीत. कंपनीने तीनदा जाहिरात दिली तेव्हा दोघे आले. त्यातला तरुण आठवड्यात पळाला. उरला हा, वय बासष्ट. आम्ही त्याला बाळ म्हणतो. बाळाने पिशवी उचलताना कंबर सांभाळावी.

२. माझा निवृत्तीचा अर्ज, चार वेळा भरलेला आणि चारही वेळा परत आलेला, माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, द्यावा. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण पेन्शन घेऊन घरी बसला. माझी अठ्ठावन्न भरली तेव्हा नियम साठचा झाला, मग पासष्टचा, मग सत्तरचा, आता बहात्तरचा. पेन्शन कार्यालयातला साहेब समजावू लागला, "काका, पूर्वी एका म्हाताऱ्यामागे पाच कमावते होते. आता दोनच उरलेत. तिजोरी कुठून भरायची?" मी म्हटले, "त्या दोघांतला एक मीच आहे. म्हाताराही मोजायचा असेल तर तोही मीच." दादा माझ्या पगारातल्या कपातीवर अठरा वर्षे गॅलरीत बसून चहा पितो आहे, हे मला सहन होत नाही. त्याच्या इमारतीची लिफ्टही मीच चालू ठेवतो.

३. राहत्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते माझ्या एकुलत्या एका मुलीला. ती सरकारी सेवेत आहे, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करते. निवृत्त माणसालाच ही सेवा मिळते, म्हणून मी तिच्या यादीत बसत नाही. बसलो असतो तरी सख्ख्या आईवडिलांचे करायला पगार नाही. काकाचे केले तर आहे. दादाला मूलबाळ नाही, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा फॉर्म मीच भरला. मुलीचे नाव मीच सुचवले. मला वाटले, दादाचे घर दोन गल्ल्यांवर, येताजाता माझ्याकडे डोकावेल. कपाळकरंटा मी.

ती रोज साडेसातला त्याच्याकडे जाते. आंघोळ घालते, नखे कापते, पेपर वाचून दाखवते. मी बोलावले की म्हणते, "बाबा, मोठ्या काकांचं आटपून अजून तिघांकडे पळायचंय. रविवारी येते ना." रविवारी येते आणि खुर्चीतच झोपते. मी उठवत नाही. दादा फोनवर सांगतो, "तुझी पोर सोनं आहे रे." माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सोनं आहे हे मला त्याच्याकडून कळायला हवे का?

घर देताना दादाचे काम सोडण्याची अट मी घातली होती. वकीलबाई म्हणाल्या, "मग ती खाईल काय?" अट खोडली आहे. खोडलेल्या ओळीवर माझी सही आहे.

४. शेवटची इच्छा. तिच्या नोकरीत वडील गेल्यावर तीन दिवसांची भरपगारी रजा आहे. ती तिने पूर्ण घ्यावी. दादाकडे बदली माणूस जाईल, दारात त्याचे नाव विचारेल, परक्या हातांनी त्याला आंघोळ घालेल. घालू दे. वडील जिवंत असताना त्यांच्यासाठी किती दिवस मिळतात, हेही मी तिच्या कार्यालयात जाऊन विचारून आलो. एकही नाही. म्हणून ते तीन दिवस माझे आहेत, ते तिने दुसऱ्या कोणाला देऊ नयेत.

सही: लिफ्टवाला
साक्षीदार: तळमजल्यावरचा चावीवाला, वय चौऱ्याहत्तर, दुकान चालू
साक्षीदार: समोरच्या नर्सबाई, वय एकोणसत्तर, सही करून ड्यूटीवर गेल्या
स्थळ: राहते घर
दिनांक: ९ मार्च, सोमवार, कामावर निघण्यापूर्वी