चपटीतल्या पाण्याची रेघ

अण्णा,

खळक्, खळक्. तुमच्या सायकलच्या दांड्याला सुतळीनं आडवी बांधलेली ती दारूची चपटी अंगणातल्या फरशीवरून जाताना असा आवाज करायची. आता इतक्या वर्षांनी कुणी घरात तांब्या हिंदकळत नेला तरी मला वाटतं, तुम्हीच फाटकातून आत येताय. आणि मी तेव्हासारखाच खिडकीचा पडदा जरासा सरकवतो.

नव्वद सालानंतरची ती उन्हाळ्याची सुट्टी. आपण संगमनेरच्या बाहेर राहत होतो आणि माझी शाळा अकोले गावाच्या अंगाला, खिंडीपलीकडे. शाळेच्या वेळेला एसटी नाही, म्हणून रोज सायकल. मुलांना शिकवायच्या कविता मी वाटेत मोठ्यानं म्हणायचो. कवितेतले डोंगर निळे असतात हो, पण त्या वर्षी खिंडीच्या अर्ध्यावर डोंगर माझ्या छातीवर येऊन बसला. डॉक्टरांनी सांगितलं, चढ बंद. बदली मिळेना. जून उजाडला की राजीनामा, एवढंच उरलं होतं. मी दिवसभर कॉटवर पडून आढ्याकडे बघायचो, आणि तुम्ही, सत्तरीतले निवृत्त पाटकरी, सकाळी सायकल काढून दुपारी उन्हानं काळे होऊन परतायचात.

कुठं जाता, विचारलं की म्हणायचात, "पाटावर." पाटाचं पाणी सोडायची आणि पाळ्या वाटायची नोकरी संपून बारा वर्षं झाली होती. मग पाटावर काय काम? एकदा शेजारचे कुजबुजले, "मास्तर, तुमचं म्हातारं त्या माळावरच्याच्या खळ्यात बसलेलं दिसलं बरं का." माळावरचा म्हणजे ज्याचं पाणी तुम्ही तोडलंत आणि ज्याच्या तक्रारीनं तुम्ही सहा महिने बिनपगारी घरी बसला होतात तो. त्याच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, असं तुम्ही आईसमोर म्हणाला होतात. मी मनात हिशेब जुळवला. पाणी नाही, मग दुसरं काही पीत असणार. चपटी तर उघड दिसतच होती. तुम्ही आलात की मी मुद्दाम जवळून जायचो, वास घ्यायचो. घामाचा यायचा. तरी संशय जाईना. उलट वाटायचं, म्हातारा हुशार आहे, बडीशेप खाऊन येतो.

एका दुपारी मी आईसमोर ती चपटी सोडवली आणि मोरीत उपडी केली. "या वयात, अण्णा? आणि मी असा पडलेला असताना?" तुम्ही शांतपणे मोरीकडे बघितलंत. "वतलंस व्हय? आता परत भरावी लागंल."

एवढा निर्लज्जपणा! मी सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली उशीखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही चालत गेलात, चपटी धोतराच्या सोग्यात गुंडाळून. आई म्हणाली, "किल्ली दे रे त्यांना." मी दिली नाही.

शाळा उघडायच्या चार दिवस आधी पहाटे तुम्ही मला हलवलंत. "ऊठ. किल्ली घे. आज तू चालव, मी मागं बसतो." बूच पुढं करून बांधलेल्या चपटीत पाणी अर्ध्यावर होतं, बुचापासून बुडापर्यंत सरळ रेघ. "ह्या रेघंवर डोळा ठिव," तुम्ही म्हणालात. "बुडाकडं पळाली की चढ. न्हाई पळाली की तुझी वाट."

पाट डोंगर चढत नाही, त्याच्या पायाला वळसा घालून जातो. आपण त्याच्या काठानं निघालो. बाभळी आल्या, ओढ्यावरचा मोरीपूल आला, मग माळावरच्याचं शेत. त्याचं काटेरी फाटक उघडंच होतं. त्याच्या बांधावरून पुढं टेकडीला वळसा, आणि समोर माझी शाळा. खिंडीपेक्षा दीडपट लांब, पण दम एकदाही लागला नाही. घरच्या मोरीत मी ओतलं ते निव्वळ पाटाचं पाणी होतं. मला तेव्हाच कळलं, पण मी म्हणालो, "बरी आहे वाट." बास, एवढंच.

त्या वाटेनं मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. शाळेत सांगितलं की वाट मीच शोधली. तुम्ही दोन वर्षांत गेलात, आणि एक संशय तेवढा राहिलाच. ज्यानं तुमची भाकरी तोडली, त्यानं फाटक का उघडलं? तुम्ही काय दिलंत त्याला? जमीन? शब्द? की बसलाच होतात त्याच्याबरोबर, एखाद वेळेला?

थांबा, दार वाजतंय. बघून येतो.

अण्णा, माळावरचे आलेत. नव्वदीला टेकलेले, काठीवर वाकलेले, उंबऱ्यातच उभे आहेत. आत या म्हटलं तर म्हणतात, "बसत न्हाई, मास्तर. आदी आईका. वाटंसाटी तुमच्या वडलांनी माजी माफी मागितली व्हती, पानी तोडल्याबद्दल. हात जोडून. त्यांची चूक न्हवती. रातचा पाट म्याच फोडला व्हता, म्हून त्यांनी पानी तोडलं, आन् तक्रार बी म्याच केली. माजं त्वांड उगडलं न्हाई तवा."

मी त्यांचा हात धरून आत आणलंय. पाण्याचा तांब्या भरलाय, तो हातात हिंदकळतोय. हे पत्र वहीतच राहील. माझंही तोंड तेव्हा उघडलं नाही, अण्णा. आणि आज दार उघडण्याआधीसुद्धा मी पडदा सरकवून बघितलं होतं.